कार्डावर मावेल असा प्रश्न

सिल्वासाजवळच्या सायली गावच्या मराठी शाळेत जव्हारकडून आलेले एक गुरुजी होते. दिवसा विज्ञान आणि गणित शिकवायचे, एकादशीच्या संध्याकाळी मारुतीच्या देवळात ज्ञानेश्वरीवर निरूपण करायचे. ती 1990 नंतरची वर्षं. करसवलतींमुळे सिल्वासाच्या आसपास कारखाने उभे राहत होते, खानदेशातून, विदर्भातून माणसं कामाला येत होती. पाळी सुटली की ही माणसं देवळात येऊन टेकायची. गुरुजींचं निरूपण त्यांना आवडे, कारण त्यात ओवीच्या जोडीला सूर्य येई, आकाशगंगा येई, सूर्याचा प्रकाश इथवर पोचायला आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो हेही येई. वारली पाड्यावरची मुलं मागच्या भिंतीला टेकून ऐकत.

1992 च्या एप्रिल महिन्यात वर्तमानपत्रांत एक मोठी बातमी आली. अमेरिकेच्या ‘कोबे’ उपग्रहाने सगळ्या आकाशातून येणारं एक अतिशय जुनं प्रारण तपासलं होतं आणि त्यात तापमानाचे लाखात एक भागाएवढे बारीक चढउतार सापडले होते. विश्व एका उष्ण, दाट अवस्थेतून पसरत आलं, या महास्फोटाच्या सिद्धान्ताला त्यामुळे बळकटी आली. संशोधकांपैकी एकाच्या तोंडून उत्साहाच्या भरात देवाचं नाव निघालं आणि जगभरच्या बातमीदारांनी तेवढंच उचललं.

गुरुजींनी ते कात्रण कापून ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात ठेवलं. पुढच्या एकादशीला ते म्हणाले, “विश्वाला आरंभ आहे, हे आता विज्ञानच सांगतंय. आरंभ आहे म्हणजे आरंभ करणारा आहे. मंडळी, आणखी काय पुरावा पाहिजे?”

देवळात टाळ्या पडल्या. निरूपणात टाळ्या पडायची सायलीत रीत नव्हती. त्यानंतर वर्षभर प्रत्येक निरूपण फिरून फिरून त्या कात्रणावर येऊ लागलं. ओव्या कमी झाल्या, उपग्रह वाढला.

मला इथे थांबून एक सांगायचं आहे. गुरुजींच्या त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग उपग्रहाच्या मोजमापांशी जोडता येतो. दुसरा अर्धा भाग कुठल्याही उपग्रहाने पाठवलेला नव्हता. तो गुरुजींच्या श्रद्धेतून आला होता आणि श्रद्धेतून आला म्हणून तो कमी दर्जाचा होता असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी त्याच्या अंगावर विज्ञानाचा गणवेश चढवला, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

1993 मध्ये दुसरी बातमी आली. फ्रेड हॉईल, जेफ्री बर्बिज आणि आपले जयंत नारळीकर यांनी विश्वाविषयी नवा सिद्धान्त मांडला होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे विश्वाला आरंभच नाही. ते फार मोठ्या कालावधीच्या आवर्तनांत पसरतं, आक्रसतं, पुन्हा पसरतं, आणि वस्तुमान एकाच महास्फोटात जन्माला न येता ठिकठिकाणी छोट्या छोट्या स्फोटांतून येत राहतं. यातले हॉईल म्हणजे 1949 मध्ये बीबीसीच्या रेडिओवर बोलताना महास्फोटाला ‘बिग बँग’ हे नाव देणारे गृहस्थ. नाव त्यांनी दिलं, सिद्धान्त मात्र जन्मभर मानला नाही. नारळीकर 1960 च्या दशकात केंब्रिजला त्यांचे विद्यार्थी होते.

ही बातमी शाळेत प्रार्थनेनंतर सातवीतल्या एका मुलीने वाचून दाखवली. वाचून झाल्यावर कागदाची घडी घालता घालता तिने सगळ्या शाळेसमोर विचारलं, “गुरुजी, आरंभ नाही तर मग आरंभ करणारा?”

“बस खाली,” गुरुजी म्हणाले.

हे कुणा परक्या शास्त्रज्ञाने म्हटलं असतं तर गुरुजींनी मनाला लावून घेतलं नसतं. पण नारळीकर! कोल्हापुरात जन्मलेले, केंब्रिज सोडून मायदेशी परतलेले, 1988 मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारे. त्यांची ‘यक्षांची देणगी’तली विज्ञानकथा गुरुजींनी ऑफ तासाला वर्गात कितीदा वाचून दाखवली होती. आता त्याच माणसाने त्यांच्या देवाच्या पायाखालची वीट काढून घेतली, असं त्यांना वाटलं. पुढच्या एकादशीला घसा धरल्याचं सांगून गुरुजींनी निरूपण टाळलं. त्याच्या पुढच्या एकादशीलाही टाळलं. कामगार मंडळी येऊन, चार अभंग म्हणून परत गेली.

ती मुलगी वारली पाड्यावरची. तिचा आजा भगत होता. कणसरीच्या पूजेला रात्रभर घांगळी वाजवून देवीची कथा लावणारा. गुरुजींचा घसा का धरला हे गावात तिच्या एकटीच्याच ध्यानात आलं असावं. तिने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की नारळीकर मुलांना नुसती सही देत नाहीत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा म्हणतात, आणि उत्तराखाली सही करतात. एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती 15 पैशांचं कार्ड घेऊन गुरुजींपुढे उभी राहिली.

“मला कुठे सही पाहिजे?” गुरुजी म्हणाले.

“सही मला पाहिजे. प्रश्न तुमचा लिहू.”

शाळेच्या ओट्यावर दोघं बसली. कार्ड एकच होतं, म्हणून आधी वहीत पेन्सिलीने लिहायचं ठरलं. गुरुजींनी सांगितलं, मुलीने लिहिलं: ‘विश्वाला आरंभ नसेल तर परमेश्वराला जागा उरते का?’

मुलीने लिहिलेलं पुन्हा वाचलं. “गुरुजी, हे त्यांना दुर्बिणीतून कसं दिसणार?”

गुरुजी गप्प झाले. मग म्हणाले, “खोड ते.”

दुसरा प्रश्न: ‘आपला सिद्धान्त खरा की महास्फोटाचा?’

“आपलाच खोटा असं कोण सांगेल?”

तोही खोडला. तेवढ्यात मुलीचा आजा तिला शोधत आला. वाट पाहत ओट्याच्या कडेला टेकला आणि त्याने आपली तक्रार सुरू केली. पाहुण्यांच्या गावाकडे मधुबन धरणाच्या कालव्याचं पाणी आलं होतं. पूर्वी पाऊस ओढ देऊ लागला की तिकडची माणसं त्याच्याकडे येत, नारनदेवाला कोंबडं, नारळ देत. आता कुणी फिरकत नाही. पाणी कालव्याला येतं, देवाला कोण विचारतो?

“मग तुम्ही नारनदेव सोडला का, बाबा?” गुरुजींनी विचारलं.

आजाने विडी पेटवली. “मी कशाला सोडू? कोंबडं गेलं.” आणि नातीला घेऊन तो निघाला. त्याला खरोखरच कोंबड्याचं वाईट वाटत होतं. तो काही तत्त्वज्ञान सांगायला आला नव्हता. गुरुजींनीही तेव्हा ते बोलणं कानावेगळं केलं.

त्या रात्री झोप येईना म्हणून गुरुजींनी ज्ञानेश्वरी उघडली आणि पानं उलटता उलटता ते पंधराव्या अध्यायावर आले. संसाराचा अश्वत्थ वृक्ष. त्याचा आदी दिसत नाही, अंत दिसत नाही. आठव्या अध्यायात ब्रह्मदेवाचे दिवस आणि रात्री: सृष्टी प्रकटते, लय पावते, पुन्हा प्रकटते. गुरुजी ताडकन उठून बसले. हे सगळं त्यांना पाठ होतं. वर्षभर ज्या पोथीत आरंभाचं कात्रण ठेवून ते फिरले, त्या पोथीला असा एकमेव आरंभ कधी लागलाच नव्हता!

त्या आनंदात त्यांनी वहीत तिसरा प्रश्न स्वतःच्या हाताने लिहिला: ‘आपला सिद्धान्त आमच्या गीतेत आधीच सांगितला आहे. हे आपल्याला मान्य आहे ना?’ पुढच्या एकादशीचं निरूपणही मनात तयार झालं. नारळीकर आणि अश्वत्थ. टाळ्या पुन्हा पडणार होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवारी गुरुजी सिल्वासाला गेले. तिथल्या पोर्तुगीज काळातल्या चर्चमधले वयस्क फादर त्यांच्या ओळखीचे होते. फादर वसईचे, मराठी घरचीच, त्यामुळे दोघांच्या गप्पा रंगत. मिस्सा आटोपल्यावर गुरुजींनी त्यांना आवारात गाठलं आणि सगळी हकीकत सांगितली. फादरांनी ती शांतपणे ऐकली.

“म्हणजे गेल्या वर्षी महास्फोटाने देव सिद्ध केला,” ते म्हणाले, “आणि यंदा महास्फोट नाही म्हणून गीता सिद्ध झाली. गुरुजी, उद्या नारळीकरांचा सिद्धान्त पडला तर पंधरावा अध्याय पोथीतून फाडणार का?”

मग फादरांनी त्यांना एक गोष्ट सांगितली. ती खरी घडलेली आहे आणि मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही, म्हणून इथे सविस्तर देतो.

महास्फोटाची कल्पना ज्यांच्यापासून सुरू झाली ते जॉर्ज लेमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. बेल्जियमचे. 1923 मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. 1927 मध्ये त्यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून विश्व प्रसरण पावतं असं मांडलं. आइन्स्टाइनना त्यांचं गणित बरोबर वाटलं, पण त्यातून निघणारं चित्र पटलं नाही. विश्व स्थिर आहे असं तेव्हा तेही मानत होते, आणि ते स्थिर राहावं म्हणून 1917 मध्ये त्यांनी आपल्या समीकरणांत एक जादा पद घातलं होतं. 1929 मध्ये विश्व पसरत असल्याकडे बोट दाखवणारी खगोलशास्त्रज्ञ हबलची निरीक्षणं आली आणि पुढे आइन्स्टाइननी मत बदललं. 1931 मध्ये लेमेत्र यांनी ‘नेचर’ या साप्ताहिकात एक लहानसं पत्र लिहिलं: सगळं विश्व एका आद्य अणूपासून सुरू झालं असावं. त्या पत्राच्या हस्तलिखितात शेवटी एक परिच्छेद देवाविषयी होता. छापायला देण्याआधी लेमेत्र यांनी तो खोडला.

श्रद्धा असलेल्या माणसाने, स्वतःच्या हाताने. त्यांनी श्रद्धा लपवली असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. आयुष्यभर ते झगा घालून वावरले, लपवायचं त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

पुढे 22 नोव्हेंबर 1951 रोजी पोप बारावे पायस यांनी आपल्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केलं आणि आधुनिक विज्ञानाने सृष्टीच्या निर्मितीची जणू साक्ष दिली, अशा अर्थाचं ते बोलले. सगळ्या कॅथलिक जगाला आनंद झाला. अस्वस्थ झाले ते लेमेत्र. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नांपासून पूर्णपणे अलग आहे, ज्याला देव मानायचा त्याने मानावा, ज्याला नाही त्याने मानू नये, या सिद्धान्ताने दोघांचंही अडत नाही, अशी त्यांची भूमिका होती. व्हॅटिकनच्या वेधशाळेच्या प्रमुखांमार्फत त्यांनी आपली काळजी पोपपर्यंत पोचवली, असं सांगतात. पुढच्या वर्षी रोममध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही.

आणि लेमेत्र यांना हे सुचलं ते उगाच नाही. न्यूटनचं उदाहरण सगळ्यांपुढे होतं. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे त्यांच्या कक्षांत थोडा थोडा बिघाड साठत जातो, तेव्हा तो अधूनमधून देवच दुरुस्त करत असला पाहिजे, असं न्यूटनला वाटे. शंभर वर्षांच्या आत गणितज्ञ लाप्लासने दाखवून दिलं की गुरू आणि शनी यांच्या गतीतला फरक बिघाड नव्हे. सुमारे 900 वर्षांच्या आवर्तनात तो आपोआप भरून निघतो. न्यूटनच्या देवाचं ते काम गेलं. देव खोटा ठरला नव्हता, पण गणितात पडलेल्या खड्ड्यात त्याला उभं केलं होतं, आणि खड्डा बुजला.

“इथेही तसंच झालं होतं,” फादर म्हणाले. “1954 च्या 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. पोर्तुगीज गेले. तेव्हा पुष्कळांना वाटलं, आता इथला येशूही गाशा गुंडाळून त्यांच्यामागे दमणला जाणार. ज्यांनी राज्यकर्त्यांचा देव म्हणून तो धरला होता, त्यांच्यापुरता तो गेलाही. बाकीच्यांनी पुढच्या रविवारी मिस्सा केला.”

गुरुजींना आजाचं कोंबडं आठवलं ते तिथे, चर्चच्या आवारात. पावसासाठी येणारी माणसं कालवा आल्यावर थांबली. आजा कणसरीपुढे घांगळी घेऊन बसायचा थांबला नव्हता.

“फादर, म्हणजे मी देवाला दुसऱ्याच्या घरात भाडेकरू म्हणून ठेवला,” गुरुजी म्हणाले. “घरमालकाने घर पाडलं की हा रस्त्यावर.”

“घरमालकाला घर पाडावंच लागतं,” फादर म्हणाले. “त्याचा धंदाच तो आहे. चांगलं घर बांधता येईल असं दिसलं की जुनं पाडायचं. तो आपल्या देवाशी भांडत नसतो.”

हे दोन्ही बाजूंना लागू आहे, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. हॉईल निरीश्वरवादी. महास्फोटात त्यांना धर्माचा वास येई. त्या सिद्धान्तावरच्या त्यांच्या रागात हाही एक धागा होता. 1965 मध्ये पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांना आकाशातून सर्व दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. लेमेत्र यांना ही बातमी त्यांच्या मृत्यूच्या थोडे दिवस आधी, 1966 मध्ये, रुग्णालयात कळली. आपण बरोबर होतो हे कळूनही त्यांनी 1931 मध्ये खोडलेला परिच्छेद परत लिहिला नाही. सिद्धान्त देवाच्या बाजूने आहे असं समजून त्याला मिठी मारणं आणि देवाच्या बाजूने आहे असं समजून त्याला लाथ मारणं, दोन्हीत सिद्धान्ताची परीक्षा राहून जाते.

सोमवारी मधल्या सुट्टीत गुरुजींनी मुलीला बोलावलं. वहीतला तिसरा प्रश्न तिने वाचला होताच. गुरुजींनी तो तिच्यादेखत खोडला.

“आता तू सांग. तुला त्यांना काय विचारायचंय?”

मुलगी बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग तिने कार्डच पुढे ओढलं आणि शाईने, एकदाही न खोडता लिहिलं: ‘तुमचा सिद्धान्त चुकीचा असेल तर ते आम्हाला कशावरून कळेल?’

गुरुजींनी ते वाचलं. देवाविषयी त्यात अक्षरही नव्हतं. तरीही गेले महिनाभर घशात अडकलेलं काहीतरी सुटल्यासारखं त्यांना झालं. खाली शाळेचा पत्ता घालून कार्ड त्याच दुपारी पेटीत पडलं.

या प्रश्नाला त्या सिद्धान्तातच उत्तर होतं, आणि गुरुजींनी पुढे ते नववीच्या मुलांनाही समजावून दिलं. विश्वाला आरंभ नसेल तर महास्फोटाच्या हिशेबाने ठरणाऱ्या वयापेक्षा जुने तारे कुठेतरी सापडले पाहिजेत. पूर्वीच्या आवर्तनातल्या काही अतिमंद दीर्घिका आपल्याकडे येताना, म्हणजे वर्णपट निळ्याकडे सरकलेल्या दिसल्या पाहिजेत. आणि आकाशातल्या त्या सूक्ष्मलहरींचं वेगळं स्पष्टीकरण टिकलं पाहिजे. नारळीकरांच्या मते ताऱ्यांचाच प्रकाश लोहाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून, पुन्हा बाहेर टाकून ते प्रारण तयार झालं होतं. सापडलं तर पाहू, नाही सापडलं तर सिद्धान्त अडचणीत. आपलं म्हणणं कुठे मोडू शकतं ते आधीच सांगून ठेवायचं, ही विज्ञानाची रीत. “माझी श्रद्धा कुठे मोडेल ते मी असं सांगू शकत नाही,” गुरुजी वर्गात म्हणाले, “म्हणून ती मी तुम्हाला या तासाला शिकवत नाही.”

पुढच्या एकादशीला निरूपण झालं. त्याआधी गुरुजींनी ज्ञानेश्वरीतून ते कात्रण काढून शाळेच्या फलकावर लावलं आणि शेजारी नारळीकरांची बातमी लावली. देवळात ते पंधराव्या अध्यायावरच बोलले. अश्वत्थाविषयी बोलले, त्याची मुळं तोडणाऱ्या वैराग्याविषयी बोलले. नारळीकरांचं नाव घेतलं नाही. एका कामगाराने शेवटी विचारलं, “गुरुजी, त्या उपग्रहाचं काय झालं?” गुरुजी म्हणाले, “उद्या शाळेत या, फलकावर आहे.” तो खरंच आला.

त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. सायली पार बदलली. तिथे वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं, रस्ते रुंदावले. गुरुजी निवृत्त झाले, पण गावातच राहिले, आणि शाळेतला तो फलक त्यांनी सोडला नाही. 1998 मध्ये विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय असं दोन गटांना आढळलं, ते कात्रण लागलं. आइन्स्टाइनने घातलेलं आणि नंतर काढून टाकलेलं ते जादा पद शास्त्रज्ञांना पुन्हा आत घ्यावं लागलं, हे त्याखाली गुरुजींनी खडूने लिहिलं. 2022 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीची छायाचित्रं आली आणि महास्फोट खोटा ठरला अशी आवई मोबाईलवर फिरली. ती आवई लागली नाही, छायाचित्रं लागली.

20 मे 2025 रोजी पुण्यात नारळीकर गेले. सायलीच्या देवळात गुरुजींनी त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं आणि जे खरं ते सांगितलं: बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी त्यांचा सिद्धान्त स्वीकारला नाही, निरीक्षणांचा कौल महास्फोटाकडे राहिला, आणि तरी हा माणूस अखेरपर्यंत पुरावाच मागत आणि पुरावाच देत राहिला.

फलकावर सध्या ‘डेसी’ प्रकल्पाचं कात्रण आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या दुर्बिणीवरून लक्षावधी दीर्घिकांची अंतरं मोजणारा हा प्रकल्प. 2024 आणि 2025 मध्ये त्यातून असे इशारे मिळाले की विश्वाला ताणणारी कृष्ण ऊर्जा कायम एकसारखी नसावी, काळाप्रमाणे बदलत असावी. अजून पक्कं काही नाही. तसं ठरलं तर आजचा प्रमाण मानलेला सिद्धान्तही दुरुस्त करावा लागेल. गुरुजींनी कात्रणाखाली खडूने लिहिलं आहे: ‘कशावरून कळेल?’ एकादशीच्या निरूपणात त्यांनी या बातमीचा उल्लेख केलेला नाही.